मेणताईची आवड

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला मेणताई म्हणत. तिच्या टेबलावर, ॲप्रनवर आणि बहुतेक वेळा केसांतसुद्धा गुलाबी मेणाचे तुकडे अडकलेले असायचे. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतून साचे निघायचे आणि ते साचे तिच्यासमोर रांगेनं येऊन बसायचे. स्पिरिटच्या दिव्यावर कोरणी तापवायची, मेण मऊ करायचं, एकेक दात त्यात बसवायचा. माणूस कधी दिसायचा नाही, नुसत्या त्याच्या हिरड्या. "तेच बरं," ती म्हणायची. "निदान बोलत तरी नाहीत."

बोलणारा घरी होता. तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायचा. पण त्या कामाबद्दल तो चकार शब्द काढत नसे. गल्लीत आणि मित्रांत त्याचं नाव होतं पारखी, आणि ते नाव त्याला मनापासून पसंत होतं. घराच्या पुढच्या खोलीत दोन भिंती भरून पुस्तकं आणि तिसऱ्या भिंतीला गाण्याच्या रेकॉर्डी होत्या. सगळं काचेच्या कपाटांत, कुलूपबंद. किल्ल्या त्याच्या पँटच्या खिशात.

रविवारी सकाळी त्या खोलीत बैठक भरायची. औषधांच्या दुकानाचा मालक यायचा, कर खात्यातला एक कारकून यायचा आणि पारखीचा धाकटा भाऊ, म्हणजे मेणताईचा दीर, यायचा. खेळ ठरलेला. आजवरचे सर्वांत आवडते दहा अल्बम कोणते आणि दहा पुस्तकं कोणती, ते ज्यानं त्यानं सांगायचं. खेळ म्हणायचा, पण त्यात जिंकायचा एकटा पारखी. बाकीच्यांनी नाव घ्यायचं आणि त्यानं ते सोलून काढायचं. औषधवाल्यानं एकदा एका गायकाचं नाव घेतलं तर पारखी म्हणाला, "तुला तो आवडणारच. दिवसभर सर्दी झालेली माणसंच ऐकतोस तू." कारकुनानं एका कादंबरीचं नाव घेतलं तर म्हणाला, "शेवटपर्यंत वाचलीस? बघ, तुझ्याकडे वेळ किती आहे." तेही हसायचे आणि पुढच्या रविवारी परत यायचे. का यायचे, हे मेणताईला कधी कळलं नाही. ती त्यांना चहा द्यायची, तो मुद्दाम जरा गार झाल्यावर.

पारखीच्या स्वतःच्या दहांत पहिला नंबर कधी हलला नाही. एकाच तंतुवाद्याची एक रेकॉर्ड होती, इतकी संथ की सुई अडकली आहे की वाजते आहे ते नवख्याला कळू नये. पुस्तकांत बर्फात अडकलेल्या जहाजाची चार खंडांची कादंबरी होती. दुसरा खंड संपेपर्यंत ते जहाज जागचं हलत नाही. बाकीच्या नऊ जागांवर मात्र वर्षातून एकदा उलथापालथ व्हायची. एखादं पुस्तक खाली उतरवताना तो त्याच्यावर असं काही तोंडसुख घ्यायचा, की जणू त्या पुस्तकानं त्याला लुबाडलं होतं.

लग्न नवं असताना त्यानं तिलाही त्या बैठकीत बसवलं होतं. "हिला पण विचारू या," तो म्हणाला. "सांग, तुझी सर्वांत आवडती रेकॉर्ड कोणती?"

ती तेव्हा भाबडी होती. माहेराहून आणलेली एक रेकॉर्ड होती, अकॉर्डियनवर वाजवलेल्या नाचाच्या धुनांची. तिनं तिचं नाव सांगितलं. आणि पुस्तक म्हणून एका साप्ताहिकात क्रमशः आलेल्या कादंबरीचं नाव घेतलं. बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती.

सगळे पारखीकडे बघू लागले. मग पारखीनं गाल फुगवले, दोन्ही हात छातीशी धरले आणि अकॉर्डियन दाबल्यासारखे पुढे-मागे केले. हसून हसून दिराच्या हातातला कप हिंदकळला.

तो हावभाव मग घरचा झाला. नवा पाहुणा आला की पारखी म्हणायचा, "आमच्या हिची आवड माहीत आहे का," आणि गाल फुगवायचा. मुलगी झाली, मोठी झाली, तीसुद्धा लहानपणी ते करून दाखवायची, कारण बाबा हसायचे. ती रेकॉर्ड त्यानं गॅलरीतल्या एका कुंडीखाली ठेवून दिली, पाणी फरशीवर उतरू नये म्हणून. मेणताईनं ते पाहिलं. भांडली नाही. पण त्या दिवसापासून तिनं त्या खोलीत बसून काही ऐकलं नाही. झाडलोट करायची, काचा पुसायची आणि बाहेर पडायची. नवऱ्याशी बोलायची ते दूध, गॅस आणि मुलीची फी यापुरतंच. तो म्हणायचा, हिला कशातच रस नाही. ती म्हणायची, नाहीच.

अशी वर्षं गेली. मुलगी शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. पारखी निवृत्त झाला. आता रविवार रोजच असल्यासारखा झाला, नुसते पाहुणे रविवारी यायचे.

एका रविवारी तो एका प्रवासवर्णनाला दहांतून बाहेर काढत होता. "या माणसाला," तो म्हणाला, "डोंगर दिसतो, पण…" आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, शब्द शोधतो आहे. पण त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता आणि हातातलं पुस्तक मांडीवरून घसरत होतं. औषधवाल्याच्या पहिलं लक्षात आलं. त्यानं रुग्णवाहिका बोलावली.

जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. पण तोंडातून फक्त "ते… ते… ते" निघायचं. काही आठवड्यांनी त्याला घरी आणलं आणि पुढच्या खोलीतच पलंग लावला. पँट धुवायला टाकताना मेणताईनं खिशातल्या किल्ल्या काढून घेतल्या.

दर आठवड्याला एक स्पीच थेरपिस्ट यायची. तरुण, उत्साही मुलगी. ती म्हणाली, "काकू, यांना जे मनापासून आवडतं ते ऐकवा. आवडती गाणी, आवडती पुस्तकं. वाचून दाखवा. भावना हलली की कधीकधी शब्द सुटतो."

मुलीचाही फोन आला. "आई, बाबांच्या त्या रेकॉर्डी लाव ना. तुला माहीत असतील कोणत्या."

"पाठ आहेत," मेणताई म्हणाली.

आणि तिनं लावल्या. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. लॅबमधून तिनं अर्ध्या दिवसाची नोकरी मागून घेतली होती. सकाळी एक मदतनीस बाई यायची आणि दुपारी ती स्वतः. आली की कपाट उघडायची, ती संथ रेकॉर्ड लावायची, मग जहाजाच्या कादंबरीतली काही पानं वाचायची. तो डोळे मिटून ऐकायचा आणि डाव्या हातानं तिला हाकायचा. सुई टेकवताना आवाज झाला की हात झटकायचा. एकदा चुकून रेकॉर्डची दुसरी बाजू आधी लागली, तर त्यानं पाण्याचा पेला ढकलून दिला. वाचताना ती एखाद्या शब्दाला अडखळली की तो ओठ वाकडे करायचा. अर्धा चेहरा हलत नव्हता, पण तुच्छतेला उरलेला अर्धा पुरत होता. ती फरशी पुसायची आणि पुढचं पान वाचायची.

मग एके दिवशी दीर भेटायला आला. मेणताई सूप घेऊन आत आली, तेव्हा पारखीनं तिच्याकडे बोट केलं. मग एक गाल फुगवला, दुसरा फुगत नव्हता, आणि डावा हात छातीशी नेऊन पुढे-मागे केला.

दिराला क्षणभर कळेना. मग तो फुटला. "दादा," तो हसत म्हणाला, "अजून आठवतंय तुम्हाला. वहिनी, बघा, काही विसरले नाहीत."

पारखीही हसत होता, लाळ गळेपर्यंत. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं त्याला हे सांगता आलं. मेणताईनं सूपचा वाडगा दिराच्या हातात दिला. "तुम्हीच भरवा," ती म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

ती सरळ जुन्या सामानाच्या दुकानात गेली. तिथे मागच्या बाजूला रेकॉर्डींचे ढीग होते. दुकानदाराला विचारून विचारून तिनं तीच अकॉर्डियनची रेकॉर्ड शोधायला लावली. सापडली. "लावून बघा, ओरखडे असतात," तो म्हणाला आणि त्यानं लावली.

ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. तीच तीच धून फिरून फिरून येत होती. मधेच कुणीतरी शिट्टी मारत होतं. दुसऱ्या धुनेपर्यंत तिचं लक्ष समोरच्या तुटक्या शिलाई मशीनकडे गेलं होतं. तिसरी लागली तेव्हा तिनं मान खाली घातली. तिला ती रेकॉर्ड आवडत नव्हती. कंटाळवाणी होती, थोडी बटबटीतही. लहानपणी आवडली असेल. त्यानं हसून तिची चेष्टा केली नसती, तर ती केव्हाच मनातून उतरली असती. पण तो हसला म्हणून तिनं ती इतकी वर्षं घट्ट धरून ठेवली. म्हणजे तिची आवडही त्यानंच ठरवली होती.

तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती आधीच्या सगळ्या रागांहून मोठी होती.

"चांगली नाही का?" दुकानदारानं विचारलं.

"भिकार आहे," ती म्हणाली. "बांधून द्या."

घरी जाताना ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. मग आपल्याला आवडतं तरी काय? कुणी विचारलंच, तर सांगायचं काय? कुणी विचारणार नव्हतं, पण तिचं तिला तरी ठाऊक हवं होतं. तिला ऐकायला मिळालं ते एकाच ठिकाणी, लॅबमधल्या खिडकीवरच्या रेडिओवर. तो कुणी बंद करत नसे आणि कुणी लक्ष देऊन ऐकतही नसे. दुसऱ्या दिवशी तिनं साचे ओतणाऱ्या प्लॅस्टरवाल्याला विचारलं, "दुपारी एक बाई लागायची, आठवते? जाड आवाजाची. मागे वाजायचं फारसं काही नाही."

"हो तर," तो हात न थांबवता म्हणाला. "ती लागली की तुम्ही कोरणी खाली ठेवायच्या, ताई. एकदा कुणाचे तरी पुढचे दात वितळले होते."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात?"

त्यानं तिला गायिकेचं नाव सांगितलं आणि कुठूनतरी तिचा अल्बमही मिळवून दिला. लॅबमध्ये एक जुना प्लेअर होता. एक दिवस मदतनीस बाईला जास्त वेळ थांबायला सांगून जेवणाच्या सुट्टीत तिनं तो ऐकला, एक बाजू, मग दुसरी. मग डबा न उघडताच कामाला बसली. तो अल्बम तिनं घरी नेला नाही. क्रेनवाल्या बाईची कादंबरी तिनं वाचनालयातून आणून पुन्हा वाचली, घाबरत घाबरत, तिचंही तसंच व्हायचं म्हणून. पण नाही. ती बाई उंच केबिनमध्ये एकटी बसून जेवते आणि खाली मुकादम ओरडत असतो, ते तिला ऐकू येत नाही, ते पान अजून तसंच होतं. तिनं ठरवलं, हे पुस्तक नवऱ्यासमोर वाचायचं नाही. त्याच्या कानांना ते मिळता कामा नये.

त्याच्यासाठी तिनं वेगळं घेतलं. रस्त्याकडेच्या ढिगातून शोधून शोधून एक रडकी प्रेमकथा उचलली, जिच्यात नायिका दर पाचव्या पानाला बेशुद्ध पडते. आणि ती अकॉर्डियनची रेकॉर्ड होतीच.

दुपारी मदतनीस बाई गेल्यावर तिनं प्लेअरचं झाकण उघडलं. पारखीनं डोळे मिटून घेतले, नेहमीसारखे. सुई टेकली. पहिलाच सूर फुटला आणि त्याचे डोळे टक्कन उघडले.

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खुर्चीत बसली आणि मांडीवर हात ठेवून ऐकू लागली. त्यानं हात झटकला. ती हलली नाही. त्यानं पेला ढकलला. तिनं आज प्लॅस्टिकचा ठेवला होता. "ते," तो म्हणाला. "ते… ते…" त्याची मान लाल झाली, कपाळावरची शीर टरारली. शिट्टी सुरू झाली तेव्हा त्याचं तोंड वेडंवाकडं हललं, आणि आतून, दगड सरकल्यासारखा, एक शब्द आला.

"बंद."

मेणताई पुढे झुकली. "काय म्हणालात?"

"बंद… कर."

तिनं सुई उचलली. मग फोनकडे जाऊन थेरपिस्टला कळवलं. त्या मुलीला आनंद आवरेना. "काकू, काय ऐकवलंत तुम्ही?"

"आपलं घरचंच एक गाणं."

"तेच चालू ठेवा. काही बदलू नका."

मेणताईनं काही बदललं नाही. रोज दुपारी अकॉर्डियन, मग प्रेमकथा. वाचताना ती मुद्दाम शब्द चुकवायची, वाक्यं मधेच तोडायची, नायिका बेशुद्ध पडली की आवाज चढवायची. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि एकेक शब्द बाहेर पडायचा. "चूक." "भिकार." "मूर्ख." "कोण लिहितं हे." हे शेवटचे तीन शब्द एका दमात आले त्या दिवशी थेरपिस्टनं टाळ्या वाजवल्या. पारखीला रडू आलं. ते कशाचं होतं हे त्या मुलीला कळलं नाही. मेणताईला कळलं, आणि तिला बरं वाटलं. दया आली नाही असं नाही. एखाद्या दुपारी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि तिचा हात कपाटातल्या त्या संथ रेकॉर्डकडे जायचा. मग तिला तो एका बाजूनं फुगलेला गाल आठवायचा, आणि हात मागे यायचा.

मुलगी रजा घेऊन आली तेव्हा दोन दिवस दारातून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तू बाबांना छळतेस."

"हो."

मुलीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "हो काय? ते आजारी आहेत."

"बोलायला लागले ना?"

"म्हणून करतेस तू हे?"

मेणताई भांडं घासत राहिली. "नाही," ती म्हणाली. "त्यासाठी नाही करत. पण होतंय ते त्यामुळेच. तुला दुसरं काही सुचत असेल तर कर."

मुलीनं करून पाहिलं. जहाजाची कादंबरी स्वतः वाचली, सुंदर आवाजात, न अडखळता. पारखी समाधानानं ऐकत राहिला आणि आठवडाभर एक नवा शब्द बोलला नाही. जाताना मुलगी आईच्या पाया पडली नाही की गळ्यात पडली नाही. "तुम्ही दोघं काय ते बघा," एवढंच म्हणाली. लहानपणी आपणही तो गाल फुगवायचो, हे तिला आठवत होतं की नाही कोण जाणे. मेणताईनं तिला विचारलं नाही.

थंडी सरता सरता पारखी अडखळत का होईना, वाक्यं बोलू लागला. काठीच्या आधारानं खुर्चीत बसू लागला आणि त्यानं रविवारची मंडळी बोलावून घेतली. तिघेही आले. मेणताईनं चहा दिला. पारखीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते त्यानं बरेच दिवस जुळवून ठेवलेलं दिसत होतं.

"ही," तो म्हणाला, "मला… छळते. रोज. मुद्दाम."

औषधवाला हसला. "अहो, वहिनींमुळे तर बोलता येतंय तुम्हाला. डॉक्टरसुद्धा म्हणतात."

"मुद्दाम," पारखी पुन्हा म्हणाला.

"खरं आहे ते," मेणताई म्हणाली. "मुद्दामच करते."

कुणाला हसावं की नाही कळेना. कारकुनानं कपात बघितलं. शेवटी औषधवाल्यानं वेळ सावरायची म्हणून विचारलं, "वहिनी, एवढी वर्षं आम्ही येतोय. तुमची आवड पुन्हा कधी विचारलीच नाही. तुमची सर्वांत आवडती रेकॉर्ड कोणती?"

"अ… अकॉर्डियन," पारखीनं तिच्याआधी उत्तर दिलं, आणि त्याचा गाल हलायला लागला.

"नाही," ती म्हणाली. "ती मला अजिबात आवडत नाही. रद्दी आहे. तुम्हाला आवडत नाही म्हणून लावते."

पारखीचा गाल तसाच राहिला, अर्धवट फुगलेला. तो तिच्याकडे असं बघू लागला, की जणू घरात कुणी परकी बाई येऊन उभी राहिली होती. "मग?" तो म्हणाला. "मग… कोणती?"

"तुम्हाला नाही सांगणार."

तिनं रिकामे कप उचलले आणि आत गेली.

त्यानंतर तिनं अकॉर्डियन लावणं सोडून दिलं. गरजही उरली नव्हती. पारखी आता दिवसभर बोलायचा. ती पुन्हा पूर्णवेळ लॅबमध्ये जाऊ लागली, मदतनीस बाई संध्याकाळपर्यंत थांबू लागली. कपाटांच्या किल्ल्या तिनं त्याला परत केल्या. तो आपल्या रेकॉर्डी त्या बाईकडून लावून घ्यायचा आणि तिच्यावरही खेकसायचा. ती बाई त्याला उलट उत्तर द्यायची, आणि त्याचं तेवढ्यावर चालायचं.

पण पारखीच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. सगळ्यांच्या आवडीनिवडी ज्यानं सोलून काढल्या त्याला घरातल्या माणसाची आवड ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसल्यामुळे तिच्यावर हसताही येत नव्हतं. जेवताना तो मधेच एखादं नाव टाकायचा. कुणा पियानो वाजवणाऱ्याचं, कुणा भावगीतवाल्याचं, एखाद्या बँडचं.

"ते?"

"नाही."

"पुस्तक? तो… गुन्हेगाराची… ती?"

"जेवा."

तो आणखी काही वर्षं जगला, आणि हे चालूच राहिलं. एका संध्याकाळी ती लॅबमधून आली, हात धुतले, केसांतलं मेण काढत आरशासमोर उभी होती. तो खुर्चीतून तिला बघत होता. त्या दिवशी त्यानं काही जुनी मासिकं चाळली होती बहुतेक. त्यानं एका गायिकेचं नाव घेतलं, जाड आवाजाच्या, आणि अल्बमचं नावही घेतलं, न अडखळता.

मेणताईचे हात केसांतच थांबले. मग तिनं मेणाचा तुकडा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"नाही," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायला गेली.